चांगभलं कुणाचं?

काठी आडवी असते तोवर तिची लांबी कळत नाही. पाडवा झाला की आमच्या देवळापुढच्या पारापासून थेट चावडीच्या पायरीपर्यंत ती पसरलेली असायची. जोतिबाची सासनकाठी. एकच अखंड वेळू, त्याला तळापासून शेंड्यापर्यंत रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला तुरा, मधे मधे झेंडूच्या माळा. बुंध्याला सहा जण, पुढं बेचक्याच्या काठ्या घेऊन रेटा द्यायला चार जण, आणि चारी अंगांना दोर धरून उभी पोरं. हलगीवाला हलगी शेकून आणायचा. कैताळवाला तयार असायचा. तरीही कुणी काठीला हात घालायचं नाही. सगळे थोरल्या आबांकडं बघत असायचे.

थोरले आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, काठीला कधी शिवायचे नाहीत. ते बाजूला उभे राहायचे, पटका सारखा करायचे, डावा हात कानावर ठेवायचे आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढायचे, "जोतिबाच्या नावानंऽऽऽ". तिथं ते थांबायचे. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला मी एकदाही ऐकला नाही. तो बाकीच्यांनी म्हणायचा असे. "चांगभलंऽऽ!" आणि त्यातल्या 'भ'ला, नेमक्या त्या श्वासाला, काठी जमिनीवरून सुटायची.

आमचं गाव कराड तालुक्यातलं, कोयनाकाठचं. मी त्याच भागातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. व्याकरण शिकवताना हजारो शब्द हाताखालून गेले. पण ज्या एका शब्दाचा मी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तो कुठल्याही क्रमिक पुस्तकात मला शिकवावा लागला नाही. चांगभलं. पश्चिम महाराष्ट्रात तो प्रत्येकाला येतो आणि त्याचा अर्थ विचारला की प्रत्येक जण क्षणभर थबकतो.

या पाठपुराव्याला कारण आहे माझी आजी. आजीचा आवाज घरात कुणी मोठा झालेला ऐकला नव्हता. चुलीपुढून ती बोलायची ते माजघरापर्यंतही पोचायचं नाही. दारात कुणी पुरुषमाणूस आला तर ती आतल्या बाजूनं, भिंतीआडून उत्तर द्यायची. माझ्या आईला आणि आत्यांनाही तिची हीच शिकवण होती, बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत पाहिजे. मी सात-आठ वर्षांची असेन. काठी उठायच्या दिवशी मी तिच्या लुगड्याचा काठ धरून देवळाच्या भिंतीला टेकून उभी होते. थोरल्या आबांनी हाक दिली आणि माझ्या डोक्यावर कुणीतरी असं ओरडलं की मी दचकून वर बघितलं. आजी. तोंड पूर्ण उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे काठीच्या शेंड्यावर. तिच्या पोटात एवढा आवाज होता हे मला त्या दिवशी कळलं. पाच वेळा हाक झाली आणि पाचही वेळा ती तशीच ओरडली. मग पदर सारखा केला आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "चल, भाकरी टाकायच्या हाईत."

तिला त्या आवाजाबद्दल कुणी बोललं नाही. भिंतीपाशी उभ्या असलेल्या सगळ्याच बाया तशा ओरडल्या होत्या.

आता शब्दाकडं येते. 'चांग' आणि 'भलं', दोन्हींचा अर्थ एकच, चांगलं. प्राकृतात 'चंग' असा शब्द होता, सुंदर, छान अशा अर्थाचा. आपला 'चांगला' आणि 'चांगुलपणा' त्याच्याच वंशातले. चांगदेव, चांगुणा ही जुनी नावं ऐकली की मला त्यांतही तोच 'चांग' ऐकू येतो. 'भला' हा संस्कृत 'भद्र'वरून प्राकृत 'भल्ल'च्या वाटेनं आला. मराठीला एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून ठेवायची आवड आहे. धनदौलत, कागदपत्र, बाजारहाट. दोनदा सांगितलं की गोष्ट पक्की होते असा आपला स्वभाव. चांगभलं हा त्याच घडणीचा शब्द. छापताना 'चांगभले' असं करतात, पण त्या एकारान्त रूपात कुणी ओरडलेलं मी ऐकलं नाही. ओरडायला अनुस्वाराचंच रूप लागतं.

ते का, हे एकदा स्वतः म्हणून बघा. 'चां'ला जबडा पुरा खाली येतो. 'ग'ला घसा क्षणभर बंद होतो, बांध घातल्यासारखा. लगेच 'भ' येतो, ओठ मिटून उघडणारा आणि छातीतली हवा सगळीच्या सगळी बाहेर ढकलणारा. शेवटचा 'लं' वाटेल तेवढा लांबवता येतो. म्हणजे अडवणं, सोडणं आणि सोडून देऊन वाहू देणं, हे सगळं चार अक्षरांत. जड वस्तू उचलताना माणसाच्या श्वासाचं जे होतं, तेच या शब्दाचं होतं. म्हणून काठी 'भ'ला उठते. थोरल्या आबांना व्याकरण येत नव्हतं, पण दोर धरलेल्या पोरांना ते बजावायचे, "चांगला जोर न्हाई लावायचा, भल्याला लावायचा."

त्याहून मोठा विचार 'नावानं' या शब्दात आहे. आपल्याकडं कुणाच्या 'नावानं' काय काय करतात ते आठवा. नावानं खडे फोडतात, नावानं बोटं मोडतात, नावानं शिमगा करतात, नावानं शंख करतात. ज्याच्या नावानं काही होतं त्याचं बहुतेक वाईटच चिंतलेलं असतं. मराठीत 'नावानं' या शब्दाला असं सगळं कडवट सोबतीला मिळालेलं असताना, लाखो माणसं त्याच शब्दाला चांगभलं जोडतात. मी वर्गात हे फळ्यावर लिहायची आणि पोरं ते बघत राहायची.

पुढचा प्रश्न मी त्यांना दरवर्षी विचारला. चांगभलं कुणाचं? वाक्यात क्रियापद नाही. 'होवो' नाही, 'कर' नाही, 'दे' नाही. चांगभलंला जोडलेली षष्ठीही नाही, म्हणजे माझं, तुझं, गावाचं असं काही नाही. जोतिबाच्या नावानं चांगभलं, एवढंच. एक मुलगा म्हणाला, "बाई, देवाचं." दुसरी म्हणाली, "जे म्हणतात त्यांचं." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "जे ऐकतात त्यांचं." ही तिन्ही उत्तरं मी बरोबर धरली. ज्याच्या वाट्याला हे चांगलं यायचं त्याची जागा वाक्यात मोकळी सोडलेली आहे, आणि जो कानाच्या टप्प्यात येईल तो त्या जागेत बसतो.

आपले बाकीचे गजरही असेच दोन तुकड्यांचे आहेत. गणपती बाप्पा, मोरया. पुंडलिक वरदे, हारी विठ्ठल. येळकोट येळकोट, जय मल्हार. पहिला तुकडा एकाचा, दुसरा सगळ्यांचा. मोरया म्हणताना आपण चिंचवडच्या मोरया गोसावींचं, एका भक्ताचं नाव घेतो. तुळजापूरचा 'उदो उदो' म्हणजे उदय, आईचा उदय होवो. चांगभलं या 'उदो'ला जवळचं. मात्र इतर ठिकाणी उत्तरात देवाचं किंवा भक्ताचं नाव असतं, जयजयकार असतो. इथं नाव हाकेतच संपतं आणि उत्तराला उरते फक्त शुभेच्छा. खाली कोकणात गाऱ्हाणं घालताना एक जण एकेक मागणी सांगत जातो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथं काय हवं त्याची यादी असते. आमच्याकडं यादी नाही.

जोतिबाच्या डोंगरावर हा शब्द कसा वाजतो ते सांगते. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यातलं वाडी रत्नागिरी हे गाव. सगळे त्याला जोतिबाचा डोंगरच म्हणतात. आज जे मुख्य देऊळ दिसतं ते राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलेलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. महात्मा फुल्यांचं जोतीराव हे नावही याच देवावरून ठेवलेलं. चैत्री पौर्णिमेला इथं यात्रा भरते आणि सासनकाठ्या येतात. पहिला मान साताऱ्याकडच्या निनाम पाडळीच्या काठीचा, दुसरा पाटण तालुक्यातल्या विह्याच्या. मग मानानुसार बाकीच्या. आमच्या लहानपणी बैलगाड्या जायच्या, चार-पाच दिवसांची वाट. आता ट्रक आणि जीपगाड्या जातात, तरी चालत जाणारी माणसं अजून आहेत. माघात तर पाच रविवार कोल्हापूरची माणसं अनवाणी डोंगर चढतात, त्याला खेटे म्हणतात.

माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. डोंगराच्या पायथ्याशी आम्ही होतो तेव्हा वरचं काहीच दिसत नव्हतं. वरून एक आवाज येत होता, पाऊस लांबून येताना येतो तसा, पण थांबून थांबून. वडील म्हणाले, "त्ये चांगभलं हाय." शब्द फुटत नव्हता. इतक्या लांबून 'चांग' विरून जातो, पोचतो तो फक्त 'भलं'चा लांबलेला भाग. अर्ध्या वाटेवर आल्यावर 'चां' ऐकू यायला लागला. देवळाच्या आवारात पोचलो तेव्हा तो कानात मावेना. प्रत्येक काठीची आपली हाक वेगळी, आपला हाक देणारा वेगळा, आणि दोन काठ्या शेजारी आल्या की कुणी कुणाच्या हाकेला उत्तर देतंय ते कळायचं नाही. परक्या गावाच्या हाकेला आम्ही ओरडत होतो, आमच्या हाकेला ते. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडं निघाली. गुलाल इतका उधळला होता की समोरच्या माणसाच्या पापण्या गुलाबी दिसत होत्या. खोबऱ्याचे तुकडे उधळत होते, पायाखाली दवणा चुरडत होता. दवण्याचा तो वास मला आजही आला की कानात आधी आवाज येतो.

वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मी वरून हाक दिली, "जोतिबाच्या नावानंऽऽ". बारीक आवाज होता माझा. आजूबाजूच्या पंधरा-वीस अनोळखी माणसांनी मान वर न करता उत्तर दिलं, चांगभलं. कुणाची हाक आहे हे त्यांनी बघितलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं दिली म्हणून कुणी गप्प राहिलं नाही. मला तो दिवस विसरता येत नाही.

शाळेत लागल्यावर, 1989 पासून, मी एक वही केली. दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगायची, देवळाच्या आणि जत्रेच्या बाहेर चांगभलं कुठं ऐकलं ते एका ओळीत लिहून आणा. वही अजून माझ्याकडं आहे. त्यातलं थोडं सांगते. उसाची ट्रॉली ओढ्यात रुतली तेव्हा ढकलताना. स्लॅबच्या दिवशी पहिली पाटी वर जाताना. विहिरीवर नवी मोटर बसवून बटण दाबायच्या आधी. बोअरला पाणी लागलं तेव्हा. कबड्डीच्या मैदानात उतरताना. कुस्तीच्या आखाड्यात माती कपाळाला लावताना. वडील ट्रकचालक असलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, बाबा गाडी चालू करताना म्हणतात आणि घाट उतरला की पुन्हा म्हणतात. ट्रकांच्या मागं तर हे वाक्य रंगवलेलं सगळ्यांनीच बघितलं असेल.

म्हणजे एक तर जड काम सुरू करताना, नाहीतर जड काम पार पडल्यावर. वही भरत गेली तसं हे स्पष्ट दिसायला लागलं. लग्नाच्या मांडवात चांगभलं ऐकल्याचं कुणी लिहिलं नाही. मयताला तर नाहीच. एकट्यानं, शांत बसून देवाची प्रार्थना करतानाही नाही. अंगमेहनत आणि चार माणसं, दोन्ही असतील तिथं हा शब्द येतो.

त्या वहीतली एक ओळ मात्र निराळी आहे. एका मुलानं लिहिलं होतं, "आमचे आजोबा जोत्यावरून उठताना म्हणतात. गुडघे दुखतात. घरी कुणी नसतं म्हणून हाक पण तेच देतात आणि चांगभलं पण तेच म्हणतात." त्याच्याखाली वेगळ्या शाईनं, बहुतेक दुसऱ्या दिवशी, पुढं लिहिलं होतं, "आता मी उत्तर देतो."

हा शब्द एकट्या जोतिबाचा नाही, हेही सांगायला हवं. पुरंदर तालुक्यात वीर गावी म्हस्कोबाची यात्रा माघी पौर्णिमेला सुरू होते, तिथं 'सवाई सर्जाचं चांगभलं' असा गजर होतो. इथं 'नावानं' गेलं आणि षष्ठी आली. देवाचंच चांगलं होवो, असं माणसं देवाला म्हणतात. एरवी आपण देवाकडं मागतो, इथं देवालाच आशीर्वाद देतो, घरातल्या लेकराला द्यावा तसा. मला या एका प्रत्ययाच्या फरकात फार माया दिसते. म्हसवडच्या सिद्धनाथाला चांगभलं, पाटणच्या डोंगरातल्या बनपुरीच्या नाईकबाला चांगभलं. धनगर समाजात आरेवाडीच्या बिरोबाला, पट्टणकोडोलीच्या बिरदेवाला चांगभलं, तिथं गुलालाऐवजी भंडारा, गुलाबीऐवजी पिवळं. आणि भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरच्या बाळूमामांना. बाळूमामा हे मेंढरं राखणारे धनगर, 1966 साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मेंढरांचे कळप आजही गावोगाव फिरतात. कळप शिवारात आला की गाव गोळा होतं आणि 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' सुरू होतं. याच नावाच्या मालिकेमुळं 2018 पासून हा गजर विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांतही पोचला. आमच्या एका नागपूरकडच्या नातेवाईक बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, याचा अर्थ काय हो? मी त्यांना सांगितलं, आधी मोठ्यानं म्हणा, मग सांगते.

आदमापूरच्या पलीकडं थोड्याच अंतरावर कर्नाटक लागतं, आणि तिथं या शब्दाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट सुरू होते. आपण खंडोबाला 'येळकोट' म्हणतो. हा शब्द मराठी नाही. कन्नडमध्ये एळु म्हणजे सात, एळु कोटि म्हणजे सात कोटी. देवाच्या सात कोटी सैन्याची कथा त्यामागं सांगतात. जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा उधळणारा मराठी माणूस कन्नड आकडा ओरडत असतो. आता उलट बाजू बघा. कर्नाटकात हूविनहडगली तालुक्यात मैलार नावाचं गाव आहे, खंडोबाचं तिकडचं मोठं ठाणं. सोबतच्या एका शिक्षिकेचं माहेर त्या बाजूचं, तिच्याबरोबर मी एकदा तिथल्या यात्रेला गेले. माघी पौर्णिमेच्या सुमाराची यात्रा, मोकळ्या माळावर नजर पोचेल तिथवर माणसं. आणि गजर उठला, "एळु कोटि, एळु कोटिगोऽ, चांगमलोऽऽ".

मी तिचा हात धरला. म्हटलं, हे काय म्हणतायत शेवटी? ती म्हणाली, "चांगमलो. काही जण चांगभलो म्हणतात. आमच्याकडं असंच म्हणतात, अर्थ नाही माहीत." माझ्या कानाला तरी ते आपलंच चांगभलं होतं. आम्ही त्यांचा शब्द ओरडतो, ते आमचा. दोघांनाही दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ विचारावासा वाटला नाही, कारण ओरडताना तो कळलेला असतो. चिंचलीच्या मायाक्काला तर दोन्ही भाषांची माणसं एकाच गर्दीत चांगभलं घालतात. सीमेवरून इतकी वर्षं वाद घालणाऱ्या आपल्या दोन्ही बाजूंनी हे एकदा शांतपणे ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

मैलारला आणखी एक गोष्ट बघितली. काळी घोंगडी पांघरलेला गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो. खाली लाखांचा गलका चाललेला असतो. तो वरून एकच शब्द उच्चारतो, "सद्दले". गप्प व्हा. आणि ती सगळी गर्दी गप्प होते. मला जवळ उभ्या असलेल्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या. त्या शांततेत तो एक ओळ बोलतो, येत्या वर्षाची भाकणूक, आणि वरून मागं झोकून देतो. लोक त्याला झेलतात. मग पुन्हा चांगमलो.

या शब्दाचं एक दुखणंही आहे. शहरातल्या बोलण्यात आणि लिहिण्यात तो उलटा व्हायला लागला आहे. अमक्या योजनेच्या नावानं चांगभलं, म्हणजे योजना बुडाली, पैसा गेला, काम रामभरोसे सोडलं. हे कसं झालं असेल ते कळतं. देवाच्या नावानं सोडलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं, हा अर्थ मराठीत आधीपासून होता, त्याला चांगभलं चिकटलं. भाषा अशी वळणं घेते, तिला कुणी अडवू शकत नाही. पण निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत कराडात वाढलेली पोरं वहीत फक्त हाच अर्थ लिहून आणायला लागली, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. ज्यांच्या आजोबांनी या शब्दावर विहिरी खणल्या त्यांच्या कानात तो फक्त टोमणा म्हणून उरावा, हे बरं नाही.

दुसरं दुखणं मोठ्या कर्ण्याचं. काही वर्षांमागं आमच्या भागातल्या एका जत्रेत मंडळानं हाक ध्वनिमुद्रित करून आणली होती. भिंतीएवढ्या स्पीकरमधून हाक येत होती आणि त्याच स्पीकरमधून उत्तरही. मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. समोर दोन हजार माणसं असतील, सगळी तोंड मिटून उभी. आवाज इतका होता की छातीत धडधड होत होती, आणि तरीही एकही माणूस ओरडत नव्हता. काठी उठवायची वेळ आली तेव्हा ती उठेना. पोरं दोनदा जोर लावून थांबली, कुणी आधी लावला, कुणी नंतर. शेवटी एका म्हाताऱ्यानं हातवारे करून स्पीकर बंद करायला लावला आणि स्वतः हाक दिली. मग उठली.

माझं तरुण मंडळांना सांगणं आहे, गाणी लावा, हवी तेवढी लावा, पण हाक माणसानं द्यावी आणि तिच्यापुढची जागा मोकळी ठेवावी. यंत्राला काठी दिसत नाही.

2020 साली टाळेबंदीत चैत्री यात्रा भाविकांविना झाली. 2021 लाही तेच. आमची काठी देवळातच आडवी राहिली. थोरले आबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यांच्यानंतर हाक द्यायचं काम माझ्या चुलतभावाकडं आलं आहे. पौर्णिमेच्या दिवशी ऊन कललं, पालखी यमाईकडं निघायची ती वेळ झाली, आणि तो आपल्या माडीवर चढला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी आमच्या गच्चीवर वाळवणाचे पापड उलटत होते. त्यानं कानावर हात ठेवला तसं मला लांबूनच कळलं.

"जोतिबाच्या नावानंऽऽऽ".

माझ्या गच्चीवरून मी ओरडले. वरच्या आळीतून आवाज आला, खालच्या आळीतून आला, ओढ्यापलीकडच्या वस्तीतून जरा उशिरानं आला, कारण आवाजाला तेवढं अंतर तोडायला वेळ लागतो. माझा घसा तिसऱ्या हाकेला बसला. आमच्या शेजारच्या घरी नवी सून आली होती, लग्नाला दोन महिने झालेले, अजून कुणाशी फारसं बोलायची नाही. चौथ्या हाकेला तिच्या गच्चीवरून असा आवाज आला की तिची सासू जिन्यात थांबून वर बघायला लागली. माझ्या डोळ्यांपुढं देवळाची भिंत आली आणि आजीचा चेहरा आला.

तुमच्या गावाचा गजर कुठला, हाक कोण देतं, उत्तर कसं येतं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा आणि लिहून ठेवा. त्यांच्याकडून ती हाक एकदा द्यायला लावा. घसा खरवडतो म्हणतील, पण देतील. आणि कुठं वाटेत, कुणा अनोळखी माणसानं रुतलेल्या गाडीला खांदा लावून 'नावानंऽऽ' म्हटलेलं कानावर आलं, तर देव कुठला ते विचारत बसू नका. उत्तर द्या.